सर्व्हर जागा, दार बंद!

शनिवारची रात्र. एफसी रोडवर भटकायचा सॉलिड प्लॅन होता, आणि माझी रूममेट लॅपटॉपसमोर ठाण मांडून बसलेली. तिच्या छोट्याशा ऑफिसचा डेटाबेस ती एकटीच सांभाळते. संध्याकाळी तिनं उबुंटूवरचं पोस्टग्रेस १३ बंद करून सगळा डेटा १६ वर नेला आणि घरून कनेक्शनच लागेना. सोमवारी सगळ्यांचे पगार व्हायचे होते. टेन्शन!

मी मासकॉमवाली. चहा करणं आणि प्रश्न विचारणं, एवढंच माझ्या हातात.

‘‘सर्व्हर मेला का गं?’’

‘‘अगं, मजेत चालू आहे. फक्त बाहेरच्यांना ओळख दाखवत नाहीये.’’

तिची पद्धत मला आवडली. एरर मेसेज नीट वाचायचा. ‘टाइमआउट’ आला तर बहुधा फायरवॉल आडवी आली. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे बहुतेक वेळा मशीनपर्यंत पोचलो, पण त्या पोर्टवर ऐकायला कुणी नाही. तिला हेच दिसत होतं. उबुंटू नवं व्हर्जन जुन्याच्या शेजारी बसवतं; ५४३२ हा पोर्ट जुन्याकडे, म्हणून नव्याला मिळाला ५४३३. पोर्ट बदलला, तरी तेच! सेटिंगची फाइल नवी कोरी, त्यात ‘लिसन अॅड्रेसेस’ला फक्त ‘लोकलहोस्ट’. म्हणजे सर्व्हर स्वतःशीच बोलणार. ते बदललं, रीस्टार्ट केलं (इथे नुसतं रीलोड पुरत नाही), तर नवा मेसेज: पीजी-एचबीए फाइलमध्ये तुमच्या पत्त्याची नोंद नाही. ती चक्क खूश! सर्व्हर निदान बोलला तरी.

रात्रीचा एक. मी कंटाळून म्हटलं, ‘‘सगळ्यांनाच आत सोड ना, ‘ट्रस्ट’ लिही.’’ (हा शब्द मी तिच्याच स्क्रीनवर वाचला होता.) तिनं असं काही बघितलं, की मी पुन्हा चहाला पळाले. ट्रस्ट म्हणजे पासवर्डही न विचारता प्रवेश, आणि तोही पगाराच्या डेटाला! तिनं फक्त ऑफिसच्या व्हीपीएनची रेंज लिहिली. रीलोड.

आता म्हणे पासवर्ड चुकीचा. कालपर्यंत चालणारा तोच पासवर्ड! जुने पासवर्ड एमडी५ पद्धतीनं साठवलेले. २०२१ मध्ये आलेल्या १४ व्या आवृत्तीपासून डीफॉल्ट झालं स्क्रॅम. नव्या फाइलला स्क्रॅमच हवं होतं, जुना हॅश तिथे चालेना. तिनं तोच पासवर्ड पुन्हा सेट केला, आणि तो नव्या पद्धतीनं साठवला गेला.

पावणेतीनला पगाराचं सॉफ्टवेअर जोडलं गेलं. पण बाईंनी लॅपटॉप मिटला नाही. पोर्टपासून पासवर्डपर्यंत सगळं एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहून काढत बसली. तोवर मला झोप लागली होती.