वर्तनविषयक आरोग्याची पदवी : मनुष्यबळाचा मधला स्तर

मानसिक आरोग्याची चर्चा बहुधा रुग्णालये, औषधे आणि अर्थसंकल्पीय तरतूद यांच्याभोवती फिरते. ही सेवा प्रत्यक्ष देणारी माणसे कोठून येणार आणि त्यांच्या शिक्षणाचा दर्जा कोण ठरविणार, हा प्रश्न तुलनेने मागे राहतो. अलीकडच्या काळात 'वर्तनविषयक आरोग्य' या विषयातील पदवी शिक्षणाला देशात कायद्याची चौकट लाभली आहे. त्यामुळे या पदवीचे स्वरूप, तिची उपयुक्तता आणि तिच्या मर्यादा समजून घेणे आवश्यक ठरते.

गरज आणि उपलब्धता

बंगळुरू येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेने (निम्हान्स) २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यानुसार १८ वर्षांवरील १०.६ टक्के व्यक्तींना सर्वेक्षणाच्या वेळी मानसिक विकार होता. निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित असल्याचेही आढळले. शासकीय दस्तऐवजांत मनोविकारतज्ज्ञांचे प्रमाण लाख लोकसंख्येमागे सुमारे ०.७५ असल्याचा उल्लेख वारंवार येतो. अपेक्षित प्रमाण किमान ३ मानले जाते.

ही तूट केवळ तज्ज्ञांची संख्या वाढवून भरून निघणारी नाही. बारावीनंतर मनोविकारतज्ज्ञ होण्यास एम.बी.बी.एस. व एम.डी. मिळून साडेआठ वर्षे लागतात. पदवी, पदव्युत्तर पदवी व एम.फिल. या पारंपरिक मार्गाने चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ होण्यास सुमारे सात वर्षे लागत आली आहेत. तज्ज्ञ आणि गावपातळीवरील आशा कार्यकर्ती यांच्यामध्ये एक प्रशिक्षित स्तर असणे म्हणूनच अपरिहार्य आहे.

कायद्याची चौकट

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २०१८ मध्ये अमलात आला. त्याच्या कलम १८ ने मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला दिला. कलम ३१ नुसार, लोकसंख्येच्या प्रमाणात मानसिक आरोग्य व्यावसायिकांच्या संख्येचे आंतरराष्ट्रीय निकष दहा वर्षांत गाठण्यासाठी शासनाने प्रयत्न करावयाचे आहेत. ही मुदत २०२८ मध्ये संपते. हक्क कायद्याने मिळाला, तरी तो बजावण्यासाठी माणसे नसतील तर तो कागदावरच राहतो.

२०२१ चा राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्याच्या अनुसूचीतील दहा गटांपैकी एक गट 'सामुदायिक सेवा, वर्तनविषयक आरोग्यविज्ञान व इतर व्यावसायिक' यांचा आहे. मानसशास्त्रज्ञ, वर्तन विश्लेषक, आरोग्य समुपदेशक, मानसोपचार क्षेत्रातील सामाजिक कार्यकर्ते, मानसिक आरोग्य साहाय्यक आदींचा त्यात समावेश होतो. अपंग व्यक्तींच्या पुनर्वसनाशी निगडित चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ मात्र १९९२ च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषदेच्या कक्षेत राहतात.

या अधिनियमाने दोन स्तर मानले आहेत. 'संलग्न आरोग्य व्यावसायिका'साठी दोन ते चार वर्षांत किमान २,००० तासांचे, तर 'आरोग्यसेवा व्यावसायिका'साठी तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तासांचे शिक्षण आवश्यक आहे. म्हणजे पात्रता ठरविताना प्रमाणपत्राबरोबर शिक्षणाचे तासही मोजले जातात. एप्रिल २०२५ मध्ये दहा व्यवसायांचे प्रमाणित अभ्यासक्रम जाहीर झाले. उपयोजित मानसशास्त्र व वर्तनविषयक आरोग्य हा त्यांपैकी एक होय. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने, जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्रासह काही आरोग्यविषयक अभ्यासक्रम दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने चालविण्यास मनाई केली. रुग्णासमोर बसण्याचे कौशल्य पत्राद्वारे शिकविता येत नाही, हे यामागील सूत्र आहे.

विद्यार्थी काय शिकतो?

या विषयाची व्याप्ती मनोविकारांपुरती नाही. तंबाखू व मद्याचे व्यसन, मधुमेहासारख्या दीर्घकालीन आजारात औषधोपचार सोडून देणे, निद्रानाश, परीक्षेचा ताण या सर्वांच्या मुळाशी वर्तन असते. म्हणून विकासात्मक व सामाजिक मानसशास्त्र, मेंदूचे कार्य, विकारांची लक्षणे, समुपदेशन, संशोधन पद्धती व संख्याशास्त्र यांबरोबरच सार्वजनिक आरोग्य, कायदा आणि व्यावसायिक नीती यांचाही अभ्यास करावा लागतो. त्याला पर्यवेक्षणाखालील प्रात्यक्षिकाची जोड आवश्यक असते. आत्महत्येचा धोका ओळखणे, गोपनीयता पाळणे आणि आपल्या कुवतीबाहेरील रुग्ण योग्य वेळी तज्ज्ञाकडे पाठविणे, ही कौशल्ये तेथेच अंगी बाणतात.

पदवीधराची मर्यादाही स्पष्ट असली पाहिजे. त्याला औषधे लिहून देता येत नाहीत. केवळ पदवीच्या आधारे चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणवून घेता येत नाही. प्राथमिक चाचपणी, मनोशिक्षण, आधारात्मक समुपदेशन, पाठपुरावा व कुटुंबाला मार्गदर्शन हे त्याचे खरे कार्यक्षेत्र आहे.

गोव्यातील पुरावा

तज्ज्ञापेक्षा कमी शिक्षण घेतलेली व्यक्ती परिणामकारक ठरू शकते काय, अशी शंका स्वाभाविक आहे. गोव्यात 'संगत' या संस्थेच्या सहभागाने झालेल्या 'मानस' चाचणीने तिचे उत्तर दिले. २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आरोग्यक्षेत्राचे पूर्वशिक्षण नसलेल्या व्यक्तींना समुपदेशनाचे प्रशिक्षण देऊन डॉक्टर व मनोविकारतज्ज्ञ यांच्या साहाय्याने काम सोपविण्यात आले. शासकीय आरोग्य केंद्रांत नैराश्य व चिंताविकाराचे ६५.९ टक्के रुग्ण सहा महिन्यांत बरे झाले. अशी सेवा नसलेल्या केंद्रांत हे प्रमाण ४२.५ टक्के होते. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक आढळला नाही. समुपदेशक एकटा पुरेसा नसून तो ज्या यंत्रणेत काम करतो तिलाही महत्त्व आहे, असा याचा अर्थ घेता येतो.

अर्थशास्त्रीय बाजू

समुपदेशन ही श्रमप्रधान सेवा आहे. यंत्राच्या साहाय्याने तिचा वेग फारसा वाढत नाही. उदाहरणादाखल, एक समुपदेशक दिवसाला सहा सत्रे घेतो आणि वर्षात २५० दिवस काम करतो असे मानल्यास १,५०० सत्रे होतात. प्रत्येक रुग्णाला सहा सत्रे लागली, तर वर्षाला २५० रुग्णांना सेवा मिळते. दहा लाख प्रौढ असलेल्या जिल्ह्यात १०.६ टक्क्यांप्रमाणे १,०६,००० रुग्ण होतात. त्यांपैकी केवळ एक-चतुर्थांश व्यक्तींना समुपदेशन द्यावयाचे ठरविले, तरी सुमारे १०६ समुपदेशक लागतील.

बाजारपेठ ही गरज आपोआप भागवू शकत नाही. उपचारांचा लाभ रुग्णापुरता मर्यादित नसून कुटुंब, शाळा व कामाचे ठिकाण यांनाही तो मिळतो. परंतु शुल्क एकटा रुग्ण देतो. शिवाय सेवेचा दर्जा रुग्णाला आधी पारखता येत नाही. पहिल्या कारणासाठी सार्वजनिक खर्च आणि दुसऱ्यासाठी सक्तीची नोंदणी, हे दोन्ही उपाय समर्थनीय ठरतात.

१९८२ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम, बळ्ळारी येथील प्रयोगाच्या आधारे १९९६ मध्ये सुरू झालेला व आता ७६७ जिल्ह्यांसाठी मंजूर असलेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि १० ऑक्टोबर २०२२ पासूनची 'टेली-मानस' (१४४१६) ही दूरध्वनी सेवा यांनी मागणीची चौकट उभी केली आहे. २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीनेही मानसिक आरोग्याचा विचार आर्थिक विकासाच्या संदर्भात केला.

पुढील दिशा

पदवी, नोंदणी आणि पद या साखळीच्या तीन कड्या आहेत. पहिल्या दोन कायद्याने घडविल्या. तिसरी राज्यांच्या सेवाप्रवेश नियमांवर व अंदाजपत्रकांवर अवलंबून आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रांत व शाळांत नियमित वेतनाची पदे निर्माण झाली नाहीत, तर पदवीधर महानगरांतील खासगी सेवेकडे वळतील आणि ग्रामीण भागाची तूट तशीच राहील. या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यानेही प्रवेशापूर्वी अभ्यासक्रमाला मान्यता आहे काय, प्रात्यक्षिकाचे तास किती आहेत आणि पर्यवेक्षण कोण करते, हे तीन प्रश्न विचारले पाहिजेत. त्यांच्या उत्तरांवर त्याचे भवितव्य तर अवलंबून आहेच, शिवाय त्याच्यासमोर विश्वासाने बसणाऱ्या रुग्णाची सुरक्षितताही अवलंबून आहे.