बोट नसलेली टिचकी

दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची हिंगणघाटला आली होती. कापसाचा हंगाम ऐन भरात, म्हणून तिला एका जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढतात त्या कारखान्यात, घेऊन गेलो. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, काट्यावर एक मेटॅडोर उभा, हवेत रुईचे तंतू. आत ऑफिसात मात्र सामसूम. मुनीमजी चहाला गेलेले. कॉम्प्युटरसमोर खुर्ची रिकामी.

आणि पडद्यावरचा बाण चालत होता.

इकडे गेला, टिचकी. खिडकी उघडली. तिकडे सरकला, टिचकी. एका शेतकऱ्याचं नाव उमटलं, मग वजन उमटलं, खिडकी मिटली. की पुन्हा पहिल्यापासून. टेबलावरचा माउस मात्र निपचित पडलेला.

"मामा, हा आपोआप काऊन चालून राह्यला?" भाचीनं माझी बाही घट्ट धरली. "भूत हाये का?"

भूतच म्हणा. फक्त ते मी लिहिलेलं होतं.

झालं असं की या जिनिंगवर दोन प्रोग्राम आहेत. एक काट्याचा. गाडी तोलली की वजन तिथे येतं, पावती निघते. दुसरा हिशेबाचा. तो फार जुना, लिहिणारा माणूस कधीच गाव सोडून गेलेला. काट्याची यादी हिशेबात एकदम ओतावी तर जुन्या प्रोग्रामला तसं दारच नाही. त्याला एकच भाषा कळते: समोर माणूस बसावा, त्यानं बटणावर टिचकी मारावी, रकान्यात टाइप करावं. त्यामुळे मुनीमजी रोज रात्री दीड-दोनशे पावत्या एकीकडे वाचायचे आणि दुसरीकडे बडवायचे. मी एक तिसरा प्रोग्राम लिहिला. तो काट्याची यादी वाचतो आणि जुन्या प्रोग्रामसमोर माणसाचं सोंग घेतो.

पण सोंग घ्यायला बोट कुठून आणलं? त्यासाठी आधी तान्ह्या पोळ्याला जाऊन येऊ.

विदर्भाबाहेरच्या दोस्तांसाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरांचा पोळा असतो. लाकडाचा बैल, खाली चाकं, गळ्यात घुंगरू, पुढे दोरी. तो ओढत घरोघरी न्यायचा आणि बोजारा, म्हणजे ओवाळणीचे पैसे, गोळा करायचे. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर नावाजलेला. तिथले मोठमोठे लाकडी नंदी बघताना मान वर करावी लागते.

आता गंमत ऐका. जगातला पहिला माउसही लाकडाचाच होता, आणि त्यालाही चाकं होती! अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगलबार्ट यांना कल्पना सुचली आणि १९६४ साली बिल इंग्लिश यांनी ती लाकडात उतरवली. पोटाखाली दोनच चाकं, एकमेकांशी काटकोनात. एक मोजायचं डावीउजवीकडे किती सरकलो, दुसरं मोजायचं पुढेमागे किती. वर एकच लाल बटण. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत भरसभेत एंगलबार्टनी हा प्राणी चालवून दाखवला. झूल नव्हती, बोजाराही मिळाला नसावा.

तुमच्या बैलात आणि या उंदरात एक मोठा फरक आहे. दोरी ओढली की बैल हलतो, कारण दोरी थेट बैलाला बांधलेली असते. माउसची दोरी, म्हणजे वायर, बाणाला बांधलेलीच नसते. ती मध्येच एकाच्या हातात संपते. या मधल्याचं नाव ऑपरेटिंग सिस्टिम, बहुतेकांकडे विंडोज. माउस त्याला फक्त कळवतो, 'इतकं सरकलो, बटण दाबलं.' मधला बाणाचं चित्र तेवढं सरकवतो. बाणाखाली कुठल्या प्रोग्रामची खिडकी आहे ते बघतो आणि त्या प्रोग्रामच्या पेटीत एक चिठ्ठी टाकतो: डावं बटण खाली गेलं, अमुक जागी. लगेच दुसरी चिठ्ठी: बटण वर आलं. अशा दोन चिठ्ठ्या मिळून झाली एक टिचकी. प्रोग्राम आपला पेटीतल्या चिठ्ठ्या एकेक करून वाचत बसलेला असतो. बोट त्यानं जन्मात पाहिलेलं नाही!

मग दुसऱ्याच एखाद्या प्रोग्रामनं मधल्याला सांगितलं, 'बाबा, तशाच दोन चिठ्ठ्या त्या पेटीत टाक,' तर? टाकतो की. अशा बनावट चिठ्ठीवर विंडोज एक बारीकशी खूण करून ठेवतं म्हणा, पण बहुतेक प्रोग्राम ती बघण्याच्या फंदात पडत नाहीत.

खोटं वाटतंय? घरी किंवा शाळेत विंडोजचा कॉम्प्युटर असेल तर नोटपॅड उघडा. मग पडद्यावरचा कीबोर्ड सुरू करा: विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबायचं, छोट्या चौकटीत ओ, एस, के ही इंग्रजी अक्षरं लिहायची, एंटर. आता त्या चित्रातल्या अक्षरांवर टिचक्या मारा. कीबोर्ड हा एक प्रोग्राम, नोटपॅड हा दुसरा, आणि पहिला दुसऱ्यात खुशाल लिहितोय. उलटंही करून बघा. डावं आल्ट, डावं शिफ्ट आणि नम लॉक एकदम दाबलं की विंडोज विचारतं, माउसचं काम आकड्यांच्या बटणांना द्यायचं का? हो म्हणा. ४ दाबलं की बाण डावीकडे, ६ दाबलं की उजवीकडे, ८ वर, २ खाली आणि ५ म्हणजे टिचकी. भाचीनं हे अर्धा तास केलं. चहा निवला तिचा.

आता भुताला जागा कशी सांगायची? पडदा म्हणजे ठिपक्यांचं शेत. आडवे १९२० ठिपके आणि उभे १०८० असतील तर एकूण भरतात २०,७३,६००. मोजायला सुरुवात वरच्या डाव्या कोपऱ्यापासून, आणि गणिताच्या आलेखाच्या उलट, खाली जाल तसा आकडा वाढत जातो. मी भुताला सांगितलं होतं, ११४० उजवीकडे, ६५५ खाली, तिथे 'जतन करा' आहे, मार टिचकी.

पहिले चार दिवस सुरळीत गेले. पाचव्या दिवशी कसलीशी सूचना मध्येच उगवली आणि हिशेबाची खिडकी बोटभर बाजूला सरकली. आता ११४०, ६५५ या जागी आलं 'रद्द करा'. माझ्या भुतानं चाळीस पावत्या मन लावून भरल्या आणि तितक्याच मन लावून रद्द केल्या.

मुनीमजी शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमचं भूत आंधयं हाये."

मला ते लागलं. आणि त्यातूनच उपाय सापडला, कारण ज्यांना खरोखर दिसत नाही ती माणसं कॉम्प्युटर कितीतरी नीट चालवतात. कशी? पडदा वाचून दाखवणारे प्रोग्राम असतात. एनव्हीडीए नावाचा असा एक फुकट प्रोग्राम २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी लिहायला घेतला, पुढे जेम्स तेह जोडीला आले. दोघेही अंध. तो ठिपके मोजत नाही. तो मधल्याला विचारतो, 'या खिडकीत काय काय आहे?' मधला सांगतो, 'एक रकाना, नाव वजन. एक बटण, नाव जतन करा. दुसरं बटण, नाव रद्द करा.' मग बटण कुठेही सरको, नावानं हाक मारली की झालं. ही वाट बांधली अंध माणसांसाठी, आणि तिच्यावरून आता माझ्या भुतासारखी भुतंही ये-जा करतात. मीही प्रोग्राम पुन्हा लिहिला, नावं घेऊन.

शिवाय त्याला थांबायला शिकवलं. भूत चपळ, जुना प्रोग्राम सुस्त. खिडकी उघडायच्या आतच टिचकी पडली तर वाया. त्यामुळे माझ्या प्रोग्राममध्ये सगळ्यात जास्त वेळा येणारी आज्ञा 'मार' नसून 'थांब' आहे. आणि एक कासराही ठेवला: माउस हातात घेऊन बाण झटक्यात कोपऱ्यात नेला की भूत जागीच ठप्प. ही युक्ती माझी नाही, पायऑटोगुई नावाच्या तयार अवजारात ती आधीपासून आहे.

"मग तर मी गाडीचं तिकीटही भुताकडून काढीन," भाची म्हणाली. तिला नागपूरहून पुण्याला परतायचं होतं. तत्काळ तिकिटांसाठी हे उद्योग करणारे दलाल आहेतच. पटापट अर्ज भरणारे प्रोग्राम वापरतात आणि पकडले गेले की तुरुंगाची हवा खातात. वाकडीतिकडी अक्षरं ओळखा असं संकेतस्थळं आपल्याला विचारतात ना, ते अशांनाच गाळण्यासाठी.

"पण मामा," ती थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "चोराचा प्रोग्राम आला न् त्यानंच 'हो, मला आत घ्या' वर टिचकी मारली तर?"

अगदी मुद्द्याचं बोलली पोरगी. मी एक नवा प्रोग्राम बसवायला घेतला. पडदा एकदम काळवंडला आणि मधोमध चौकट आली: याला बदल करू द्यायचे का? हो, नाही. तसा पडदा तुम्हीही पाहिला असेल. तो काळवंडतो त्याला कारण आहे. ती चौकट विंडोज वेगळ्याच खोलीत नेऊन उघडतं आणि त्या खोलीत साध्या प्रोग्रामांच्या चिठ्ठ्या पोचत नाहीत. माझं भूत बाहेरच अडलं. 'हो'चं बटण तिथेच होतं, बाण हलत नव्हता, आणि मुनीमजी अजून चहावरच.

भाचीनं माउस हातात घेतला.