मत्स्यविनोद

गळ टाकून बसणें हा उद्योग आमच्या घरांतून हलका समजला जातो. ज्या घरांत मासा शिजतच नाहीं, तेथें त्याच्या शिकारीची चर्चा कशाला, असें वाचक भगिनी म्हणतील. परंतु ठाण्याच्या उपवन तळ्याच्या कांठीं किंवा कल्याणच्या काळ्या तलावापाशीं दोरीवर दृष्टि खिळवून निश्चल बसलेला मनुष्य दिसला, कीं आम्हांस एका संस्कृत ग्रंथाचें स्मरण होतें.

तो ग्रंथ म्हणजे चालुक्य नृपति तिसरा सोमेश्वर ह्याचा ‘मानसोल्लास’. रचना बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांतील. ह्या राजाची राजधानी कल्याण खरी. पण ती आमचें कल्याण नव्हे, बिदरकडील बसवकल्याण होय. महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओव्या गातात, हा नेहमीं सांगितला जाणारा उल्लेख ह्याच ग्रंथांतला. श्रीगोंदेकरांनीं संपादिलेला त्याचा पहिला भाग बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत १९२५ सालीं निघाला. राजाच्या करमणुकींत ‘मत्स्यविनोद’ म्हणून स्वतंत्र प्रकरण त्यांत आहे. समुद्रांतील मासे कोणते, नदींतील कोणते, कोणास पिठाचा गोळा रुचतो, कोणास मांस, दोरी कशी असावी, काठी कशी, हें सारें तेथें शास्त्रशुद्ध सांगितलें आहे. आयझाक वॉल्टनचें प्रसिद्ध इंग्रजी पुस्तक १६५३ सालचें, म्हणजे ह्यानंतर पांचशें वर्षांनीं झालेलें!

माशाचा स्वभाव आधीं जाणावा, मग गळ हातीं घ्यावा, ही सोमेश्वराची दृष्टि. अमेरिकेंत खोल व नितळ सरोवरांतून बास नांवाचा खादाड मासा गळानें धरण्याची मोठी हौस आहे. पाणी जितकें स्वच्छ, तितकी ती विद्या कठीण. कारण मासा मनुष्यास पाहतो. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळें पाण्याबाहेरचें सर्व जग त्याला डोक्यावरील एका वाटोळ्या खिडकींतून दिसतें. ह्या खिडकीचा कोन सुमारें ९७ अंशांचा. कांठावरचीं झाडें, माणसें तिच्या कडेला चेपून दिसतात. म्हणून जाणता गळकरी उभा राहत नाहीं, पाण्यापासून दूर आणि खालीं बसतो.

आमच्या तळ्यांचें पाणी इतकें नितळ क्वचितच असतें. आणि बासही येथला नव्हे. त्याच्या जागीं आमच्याकडे मरळ आहे. तीही शेवाळांत दबा धरते व बेडकावर झडप घालते. शिवाय तिला वर येऊन हवा घ्यावी लागते, आणि तेथेंच गळकरी तिचा ठाव घेतो.

हौसेखातर परका मासा आणून सोडण्याची बुद्धि मात्र कोणास न होवो. मध्य अमेरिकेंत ग्वाटेमालाचें आतित्लान सरोवर तीनशें मीटरांहून खोल. प्रवाशांच्या शिकारीसाठीं १९५८ च्या सुमारास तेथें बास सोडला. त्यानें लहान मासे व खेकडे फस्त केले, पाणपक्ष्यांचीं पिलेंही गिळलीं. त्या सरोवराखेरीज जगांत कोठेंही नसलेला एक मोठा पाणबुड्या पक्षी पुढें नामशेष झाला; त्यास इतरही कारणें होतीं, परंतु आरंभ ह्या माशानें केला. आपल्याकडेही १९५२ सालीं बाहेरून आलेली चिलापी आज गांवोगांवच्या तळ्यांत माजली आहे.

मरळ मात्र येथलीच, आणि तिच्याविषयीं आमचें गळकऱ्यांशीं एक भांडण आहे. पावसाळ्यांत ती वनस्पतींमध्यें जागा साफ करून अंडीं घालते. नंतर आईबाप पिलांवर पहारा करतात. जवळ येणाऱ्या कोणत्याही वस्तूवर ते धांवून जातात, आणि म्हणूनच त्या दिवसांत गळास सहज लागतात. भूक नसतां घेतलेला तो घास असतो. राखणदार उचलला, कीं मागचीं शेंकडों पिलें इतर माशांच्या तोंडीं जातात. ह्याला आम्ही विनोद म्हणत नाहीं.

आषाढ-श्रावणांत नातवंडांना घेऊन एखाद्या शेवाळलेल्या तळ्यावर जावें. पाण्यावर तांबूस ठिपक्यांचा एक पुंजका सरकतांना दिसेल, मध्येंच बुडेल, पुन्हा वर येईल. तीं मरळीचीं पिलें. जरा वेळ न हलतां बसल्यास त्यांच्या खालची काळी सावलीही दिसते.