‘वॉरंटी जाईल, साहेब!’

‘गॅरंटी’ आणि ‘वॉरंटी’ हे शब्द आपल्याकडचे दुकानदार दोन वेगळ्या सुरांत उच्चारतात. गॅरंटीत वस्तू बदलून मिळते, वॉरंटीत दुरुस्त करून मिळते, असा बाजाराचा पक्का समज आहे. मुळात मात्र हा एकच शब्द. जुन्या फ्रेंचच्या नॉर्मन बोलीत तो ‘व’ने सुरू होई, मध्य फ्रान्समध्ये ‘ग’ने. इंग्रजीने दोन्ही रूपे उचलली आणि तिच्यामागून ती आपल्याकडे आली. पोलिसांच्या हातातले ‘वॉरंट’ही याच घराण्यातले. आपला ‘हमी’ हा शब्द या सगळ्यांचे काम सहज करील, पण मोटारीच्या शोरूममध्ये तो कोणाच्या तोंडी येत नाही. तिथे ऐकू येते ते एकच वाक्य: “बाहेरचं काही बसवू नका, वॉरंटी जाईल, साहेब!”

हे वाक्य कितपत खरे आहे, हे तपासण्यासारखे आहे. आठ-दहा लाख रुपये मोजलेला माणूस नाना पेठेत किंवा ऑपेरा हाऊसला निम्म्या किमतीत मिळणारा दिवा वा स्टिरिओ केवळ या वाक्याच्या धाकाने घेत नाही. कोणी धाक न बाळगता बसवून घेतो आणि दोन वर्षांनी गिअरबॉक्स बिघडला, तर त्याला त्या स्टिरिओकडे बोट दाखवून परत पाठवले जाते.

गाडीबरोबर मिळणारी वॉरंटीची पुस्तिका बहुतेकांच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात न उघडता पडलेली असते. ती उघडून ‘कशाला लागू नाही’ हा भाग वाचावा. तिथे दोन प्रकारची वाक्ये आढळतात. एक म्हणते, बाहेरच्या सुट्या भागामुळे किंवा फेरफारामुळे झालेले नुकसान भरून मिळणार नाही. दुसरे म्हणते, फेरफार केल्यास वॉरंटीच संपुष्टात येईल. पहिल्यात कारण आणि परिणाम यांचा संबंध दाखवावा लागतो, दुसऱ्यात नाही. शोरूममधला माणूस पुष्कळदा पुस्तिकेतले पहिले वाक्य वाचून आपल्याला दुसरे ऐकवतो.

अमेरिकेने या भेदावर कायदाच केला. सिनेटर वॉरन मॅग्नसन आणि प्रतिनिधी जॉन मॉस यांच्या नावाने ओळखला जाणारा हा कायदा 1975चा. ‘आमच्याच छापाचा भाग वापरा, नाहीतर वॉरंटी नाही’ अशी अट तिथे कंपनीला घालता येत नाही. घालायची तर तो भाग फुकट द्यावा लागतो किंवा सरकारी आयोगाकडून खास सूट मिळवावी लागते. बाहेरच्या भागानेच बिघाड झाला असेल, तर मात्र कंपनी त्या बिघाडापुरता नकार देऊ शकते.

आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. पण भारतीय स्पर्धा आयोगाचा 25 ऑगस्ट 2014चा एक आदेश आहे. शमशेर कटारिया विरुद्ध होंडा सिएल कार्स या नावाने ते प्रकरण ओळखले जाते. तक्रार तीन कंपन्यांविरुद्ध होती, आदेश निघाला चौदा कंपन्यांवर, आणि एकूण दंड झाला सुमारे 2,545 कोटी रुपयांचा. दंडाची चर्चा पुष्कळ झाली, पुढे अपिलेही झाली. माझ्या दृष्टीने त्यातला महत्त्वाचा भाग दुसराच. ग्राहकाने बाहेरच्या गॅरेजात काम करून घेतले एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, आणि रद्द करायचीच तर त्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच, असे आयोगाने म्हटले. हा आदेश दुरुस्तीबद्दल आहे, सजावटीबद्दल किंवा फेरफाराबद्दल नाही, हे मान्य. पण तत्त्व तेच लागू व्हावे, असे मला वाटते. स्टिरिओ आणि गिअरबॉक्स यांचा संबंध कंपनीने दाखवून द्यावा.

संबंध कसा असतो, ते हेडलाइटच्या उदाहरणाने चांगले कळते. हॅलोजन दिव्याचा नेहमीचा बल्ब 60/55 वॅटचा असतो. बाजारात 100/90चाही मिळतो. बारा व्होल्टला 60 वॅट म्हणजे 5 अँपिअर. 100 वॅट म्हणजे 8.3. तारेतली उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे प्रवाह दीडपटीहून थोडा अधिक झाला की तार जवळजवळ पावणेतीनपट तापते. होल्डर वितळतो, स्विचचे टोक जळते. अशा वेळी वायरिंगचा दावा कंपनीने नाकारला तर ती बरोबरच आहे. पण त्याच गाडीची खिडकी वर-खाली करणारी मोटर बंद पडली, तर तिचा बल्बशी काय संबंध?

इलेक्ट्रिशियन सुरीने मूळ तारेचे आवरण सोलतो, नवी तार पिळून जोडतो आणि वर काळी टेप गुंडाळतो. वॉरंटीच्या बहुतेक भांडणांचे मूळ या टेपमध्ये आहे, असे मी म्हणेन. त्या तारेवर पुढे काहीही घडले तरी दोष टेपचा ठरतो. म्हणून मूळ तार न कापता, गाडीच्या कपलरमध्ये तसाच बसणारा तयार कपलर वापरावा. काढून टाकला की गाडी पूर्ववत होते.

चाकांचे तसे सोपे. मूळ टायर 185/65 आर 15 असेल तर त्याचा व्यास 621 मिलिमीटरच्या आसपास. 195/55 आर 16चाही तेवढाच भरतो. स्पीडोमीटर खोटे बोलत नाही. भारक्षमता आणि रिमचा ऑफसेट मात्र जुळला पाहिजे, नाहीतर बेअरिंगचा दावा हातचा गेला. टायर आणि बॅटरीची वॉरंटी तशीही बहुधा त्या त्या उत्पादकाचीच असते.

इंजिनाचा संगणक नव्याने ‘ट्यून’ करून ताकद वाढवणाऱ्यांची बाजू मला घेता येत नाही. वाढलेला जोर टर्बोपासून क्लचपर्यंत सगळ्यांवर पडतो. तिथे कारण आणि परिणाम यांत फारसे अंतर उरत नाही.

वॉरंटीचा प्रश्न आणि कायद्याचा प्रश्न यांची गल्लत करू नये. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 सांगते की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून दूर जाईल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019च्या निकालात तेच अधोरेखित केले. दंड प्रत्येक फेरफारामागे 5,000 रुपये, शिवाय सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. बाहेरून सीएनजी किट बसवता येते, पण ते मान्यताप्राप्त हवे आणि आरटीओत नोंद हवी. इंजिनाच्या वॉरंटीवर मात्र बहुधा पाणी सोडावे लागते. कंपनीतूनच सीएनजी घेतलेल्या गाडीला ही अडचण नाही. विमा कंपनीलाही कळवावे लागते, हे लोक हमखास विसरतात.

राहिला नकाराचा क्षण. सर्व्हिस सेंटरमध्ये तोंडी नकार ऐकून घरी येऊ नये. कोणता भाग बिघडला, बाहेरच्या कोणत्या भागामुळे आणि कसा, हे जॉबकार्डवर लिहून मागावे. लिहायची वेळ आली की पुष्कळ नकार मवाळ होतात. नवा भाग बसवतानाचे बिल, बसवण्यापूर्वीची छायाचित्रे आणि काढलेला मूळ भाग घरात जपून ठेवावा. माळ्यावर जागा होते. प्रकरण पुढे गेलेच, तर 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल, तर आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवतो आणि 45 दिवसांत अहवाल मागवतो. तपासणीचा खर्च आधी तक्रारदाराने भरायचा असतो. आणि तपासायला तो बिघडलेला भाग शिल्लक असावा लागतो. पैसे देऊन दुरुस्ती करून घेतलीत, तर जुना भाग पिशवीत घालून मागून घ्या.