सुरतेची कापडपेठ आणि कराचा कायदा

आपण ज्याला घरपट्टी म्हणतो, ती कन्नड भाषक शेजाऱ्याच्या तोंडी ‘मने कंदाय’ होते, आणि सुरतेच्या नातेवाइकांकडे गेलो की ‘घरवेरो’. पैसे खिशातून जायचे ते जातातच, नाव मात्र गावागणिक बदलते. सीमाभागातल्या घरांना याचे नवल नाही. आपल्याकडे आई मराठीतून रागावते आणि आजी कन्नडमधून समजूत काढते! पण दोन-तीन भाषा सहज येण्याचा उपयोग करून देणारे एक शिक्षण आहे, आणि पालक त्याचा विचारही करत नाहीत. ते म्हणजे करकायद्याचे शिक्षण.

‘कर म्हणजे आकडेमोड, ती सी.ए. लोकांनी करावी,’ असा आपला समज. मीही मराठीची प्राध्यापिका. कराशी माझा संबंध पगारातून कापल्या जाणाऱ्या टी.डी.एस.पुरता. माझी एक जुनी विद्यार्थिनी लग्न होऊन सुरतेला गेली. बी.ए. झालेली ही मुलगी तिथे एल्‌एल.बी. झाली आणि आता एका कर सल्लागार वकिलाकडे काम करते. तिच्याकडे चार दिवस राहिले, तिच्या टेबलावरचे कागद चाळले आणि लक्षात आले, की इथे बेरीज-वजाबाकी थोडी आणि वाचन फार.

गाव करांचे, गाव भांडणारांचे

सुरत हे नाव आपण शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्यांमुळे लहानपणीच ऐकतो. मोगलांचे हे मोठे बंदर. तिथल्या जकातीवर बादशाही तिजोरी भरत असे. पुढे मराठ्यांच्या चौथाईचा हिशेबही याच शहराशी जोडला गेला.

इंग्रजी अमलात तर सुरतेने करावरून अनेकदा डोके वर काढले. १८४४ साली मिठावरचा कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपया केला, तेव्हा शहरात दंगा झाला आणि सरकारला दर खाली आणावा लागला. १८७८ मध्ये व्यापाऱ्यांवरच्या लायसन्स टॅक्सवरून पुन्हा गोंधळ. १९२८ चा बारडोली सत्याग्रह याच जिल्ह्यातला. शेतसारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढवला होता. वल्लभभाई पटेलांच्या मागे शेतकरी उभे राहिले आणि ब्रूमफील्ड व मॅक्सवेल या अधिकाऱ्यांची चौकशी नेमली गेली. त्यांनी गावोगाव फिरून सरकारी अहवालातले आकडे तपासले आणि वाढ सुमारे सहा टक्क्यांवर आली. सत्याग्रहाचे धैर्य मोठे होतेच. पण सरकारचा कागद बारकाईने वाचला गेला, हेही त्या यशात होते.

सूत बारा टक्के, कापड पाच टक्के

आजची सुरत कृत्रिम धाग्याच्या कापडाची. लिंबायत, उधना, पांडेसरा, दिंडोली या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. महापालिकेच्या शाळा गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू माध्यमांतूनही चालतात.

१ जुलै २०१७ ला जी.एस.टी. आला आणि त्या महिन्यात सुरतेच्या कापड व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवून मोर्चे काढले. यंत्रमागधारकांची एक अडचण तर आपल्या इचलकरंजीच्या मागवाल्यांनाही लगेच कळेल. कृत्रिम सुतावर सुरुवातीला १८ टक्के कर होता. ऑक्टोबर २०१७ मध्ये तो १२ झाला. कापडावर मात्र पाच टक्के. समजा, शंभर रुपयांचे सूत घेतले, तर बारा रुपये कर भरला. त्याचे कापड दीडशेला विकले, तर कर होतो साडेसात रुपये. म्हणजे साडेचार रुपये सरकारकडे जादा गेले. नियमाप्रमाणे असे पैसे परत मिळतात. पण कापडाला तो परतावा नाकारला होता. रक्कम खात्यावर नुसती साठत राहिली.

मग सरकारने सांगितले, की १ ऑगस्ट २०१८ पासून परतावा देऊ, मात्र ३१ जुलैपर्यंत जे साठले आहे ते रद्द समजा. शबनम पेट्रोफिल्स आणि इतर कापड उत्पादक गुजरात उच्च न्यायालयात गेले. प्रश्न शब्दांचा होता. जी.एस.टी. कायद्याच्या कलम ५४(३) मध्ये कोणत्या मालाला परतावा द्यायचा नाही हे ठरवण्याचा अधिकार सरकारला आहे. पण ‘परतावा न देणे’ आणि ‘साठलेली रक्कमच बुडवणे’ या दोन गोष्टी एक आहेत का? न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये सांगितले, की नाहीत. रक्कम रद्द करण्याचा अधिकार त्या कलमाने दिलेला नाही. एका वाक्याच्या अर्थावर मागवाल्यांच्या घामाचा पैसा अवलंबून होता. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून कृत्रिम सुतावरचा करही पाच टक्के झाला.

माझी विद्यार्थिनी म्हणाली, ‘मॅडम, तुम्ही कवितेची ओळ फोडून दाखवायचात ना, तसंच कलम फोडायचं असतं.’ मला हे ऐकून बरे वाटले, हे कबूल करते.

सुरतेच्या विद्यापीठाला नाव आहे कवी नर्मदांचे. १९६५ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ २००४ पासून ‘वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठ’ म्हणून ओळखले जाते. नर्मदांनी एकहाती गुजराती शब्दकोश केला, ‘नर्मकोश’. तो १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. करकायद्याच्या विद्यार्थ्याला यापेक्षा चांगला आदर्श कोणता असणार!

अभ्यास कसा असतो?

स्वतंत्र करकायद्याची पदवी शोधत बसण्याची गरज नाही. कोणत्याही शाखेची पदवी घेतल्यावर तीन वर्षांचे एल्‌एल.बी. करता येते, किंवा बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम. खुल्या गटासाठी बार कौन्सिलची किमान अट ४५ टक्के गुणांची. करकायद्याची तत्त्वे हा विषय एल्‌एल.बी.त सक्तीचा असतो. गोडी लागली तर पुढे एल्‌एल.एम. किंवा पदविका. सुरतेत व्ही. टी. चोक्सी सार्वजनिक लॉ कॉलेज १९३५ पासून आहे. आपल्याकडच्या मुलांना इतक्या दूर जायची गरज नाही; बेळगाव, कोल्हापूर, सांगली, सोलापुरात लॉ कॉलेजे आहेत.

सी.ए.शी याची स्पर्धा नाही. आयकर अपील न्यायाधिकरणापुढे सी.ए.ही बाजू मांडू शकतो. उच्च न्यायालयात मात्र वकीलच लागतो. साध्या बी.ए.ला जी.एस.टी. प्रॅक्टिशनरची परीक्षा देता येत नाही, कायद्याच्या पदवीधराला येते. शिवाय आयकर अधिनियम २०२५ च्या अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६ आहे. १९६१ च्या कायद्यात सुमारे पाच लाख बारा हजार शब्द होते, नव्यात सुमारे दोन लाख साठ हजार. नवा कायदा जुन्या-जाणत्या वकिलालाही पहिल्या पानापासून वाचावा लागतो. नव्याने येणाऱ्यांना अशी संधी वारंवार मिळत नाही.

वाट सोपी आहे असे मी म्हणणार नाही. कायदा इंग्रजीत असतो, पहिली काही वर्षे कमाई बेताची, आणि दर सतत बदलत असल्याने अभ्यास कधी संपत नाही. ज्या मुलाला वाचायचा कंटाळा आहे, त्याला या वाटेने पाठवू नका. गणितात साठ गुण असले तरी चालतील. लांबलचक वाक्याचा अर्थ लावण्याची चिकाटी मात्र हवी. नानी पालखीवाला आधी इंग्रजी साहित्याचे एम.ए. होते. व्याख्यात्याची नोकरी मिळाली नाही म्हणून ते कायद्याकडे वळले, आणि १९५० मध्ये सर जमशेटजी कांगा यांच्याबरोबर त्यांनी आयकर कायद्यावर प्रमाण मानला जाणारा ग्रंथ लिहिला.

आपल्या दारातली गरज

इचलकरंजीचे कापड निपाणीच्या दुकानात आले, की अंतर थोडे असले तरी कायद्याने तो आंतरराज्य व्यवहार होतो. त्याचा कर वेगळ्या नावाने भरावा लागतो, आणि पन्नास हजारांच्या वरचा माल असेल तर ई-वे बिल लागते. एकाच घराचे दुकान एका राज्यात आणि माग दुसऱ्या राज्यात, हे आपल्याकडे नवे नाही. मजुरीवर विणणारा खर्चीवाला मागधारक असो की किराणा दुकानदार, नोटीस आली की तो ती देवघरात ठेवतो आणि कोणीतरी ओळखीचा शोधतो. जी.एस.टी.च्या आदेशाविरुद्ध अपील आदेश हाती पडल्यापासून तीन महिन्यांत करावे लागते. तो काळ शोधाशोधीत निघून गेला, तर खरी बाजू असूनही हक्क जातो.

अशा माणसाला इंग्रजी कलम त्याच्या मराठीत किंवा कन्नडमध्ये समजावून सांगणारा वकील हवा आहे. बाहेरून आलेल्याला त्यासाठी एक भाषा तरी शिकावी लागेल. आपल्या मुलांना त्या दोन्ही घरातच मिळाल्या आहेत. इंग्रजी आणि कायदा तेवढा शिकायचा राहिला आहे.