जुन्या जीपचा सायलेन्सर : घरी बदला, पण नीट बदला



मागील गाळप हंगामातील गोष्ट आहे. तोडणीचा कार्यक्रम ठरविण्यासाठी मी एका सभासदाच्या वावरात गेलो होतो. ते आपल्या जुन्या जीपने आले आणि गाडी धुऱ्यालगत पाचटावरच उभी केली. इंजिन चालूच होते. गाडीचा आवाज ट्रॅक्टरलाही मागे टाकील असा. मी सायलेन्सरबद्दल विचारले तर म्हणाले, "आवाजच त वाढला साहेब, गाडी त चालते न!" हे बोलणे चालू असतानाच गाडीखालून धूर निघू लागला. सायलेन्सर मधोमध फाटला होता आणि त्यातून निघणारी धग सरळ खालच्या पाचटावर येत होती. टोळीतील माणसांनी गाडी ढकलून बाजूला केली, ओली गोणपाटे टाकली, म्हणून निभावले. शेजारी तोडणीला आलेला तीन एकर ऊस उभा होता.

त्या संध्याकाळी मी माझ्या स्वतःच्या जीपखाली वाकून पाहिले. माझाही सायलेन्सर काही फार वेगळा नव्हता. तेव्हा हा लेख उपदेश म्हणून नव्हे, तर स्वतः चुकत-माकत शिकलेले आपणांपुढे ठेवावे म्हणून लिहीत आहे.

सायलेन्सरचे काम काय?

सायलेन्सर केवळ आवाज कमी करतो असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. इंजिनातून निघणारा तप्त आणि विषारी धूर माणसांपासून, डिझेलच्या नळीपासून आणि खालच्या पाल्यापाचोळ्यापासून दूर, गाडीच्या मागे नेऊन सोडणे हे या सर्व जोडणीचे खरे काम आहे. मॅनिफोल्डला जोडलेला पुढचा पाईप, मधला सायलेन्सर आणि शेवटचा मागचा पाईप असे तिचे तीन भाग. यांपैकी एक जरी फाटला तरी ते काम अर्धवट राहते.

पहिला धोका आगीचा. भार पडल्यावर मॅनिफोल्डजवळचा पाईप तीनशे-चारशे अंश सेल्सिअसपर्यंत सहज तापतो. वाळलेले पाचट पेटण्यास एवढी धग पुरेशी आहे. शिवाय आत साचलेल्या काजळीचे कण पेटून ठिणग्या म्हणून बाहेर पडतात. अमेरिकेत जंगलात चालणाऱ्या वाहनांना ठिणगी अडविणारी जाळी लावण्याची सक्ती आहे, ती याचसाठी. जळीत उसाचे काय होते हे आपणांस सांगावयास नको. वजन घटते, उतारा घटतो, ऊस घाईने गाळपास न्यावा लागतो आणि कपातही सोसावी लागते.

दुसरा धोका धुराचा. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्यामुळे डोके दुखते, मळमळते, झापड येते आणि बंद जागेत माणूस दगावतोही. पेट्रोल इंजिनात हा वायू जास्त, डिझेलमध्ये कमी. पण डिझेलचा धूर निर्धोक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराची गणना कर्करोगास कारण ठरणाऱ्या पदार्थांत केली आहे. ताडपत्रीच्या हुडाची जीप धावताना तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि मागचा धूर आत ओढला जातो. मागे बसलेल्या लेकरांना "गाडी लागते" असे आपण म्हणतो, ते पुष्कळदा गाडी लागणे नसून धूर लागणे असते.

गंजतो कशाने?

एक लिटर डिझेल जळाले की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. लांबच्या प्रवासात सायलेन्सर तापतो आणि ही वाफ बाहेर निघून जाते. परंतु घरून वावरात, वावरातून घरी अशा लहान खेपांत सायलेन्सर पुरता तापतच नाही. वाफ आतच थंड होऊन पाणी साचते, त्यात धुरातील आम्ल मिसळते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ प्रतीचे डिझेल मिळते, त्यात गंधक फारच कमी असते. तरी पाणी तयार व्हायचे ते होतेच. बाहेरून आपली काळी माती. पांदण रस्त्याने गेले की ती चिखल होऊन पाईपला लिंपली जाते आणि दिवसेंदिवस ओल धरून ठेवते. म्हणून पावसाळा संपल्यावर गाडीखालचा चिखल धुऊन काढावा.

तपासणी कशी करावी?

सकाळी इंजिन थंड असताना गाडीखाली पाहावे. जोडांभोवती काजळीचा काळा डाग दिसला तर तेथून धूर फुटतो असे समजावे. पान्याच्या मागच्या बाजूने सायलेन्सरवर हलके ठोकावे. टणक आवाज आला तर पत्रा शाबूत आहे. भद्द आवाज येऊन गंजाचे पापुद्रे गळले तर तो संपला. त्यानंतर इंजिन चालू करून दुसऱ्या माणसाने मागच्या पाईपच्या तोंडाशी ओल्या कापडाची जाड घडी क्षणभर धरावी. जेथे फट असेल तेथून फुसफुस आवाज येतो. हे उघड्यावरच करावे, बंद शेडमध्ये मुळीच नाही.

सामान घेताना

१९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रने मुंबईत विलिस जीपची जोडणी सुरू केली, तेव्हापासून या गाडीची कितीतरी रूपे निघाली. एमएम ५४० मध्ये प्यूजोच्या रचनेचे २११२ सीसीचे डिझेल इंजिन आले, पुढे कमांडर आली. त्यातच, मूळच्या पेट्रोल जीपला नंतर डिझेल इंजिन बसविलेल्या गाड्याही पुष्कळ आहेत. म्हणून दुकानात नुसते "जीपचा सायलेन्सर द्या" म्हणू नये. पुढचा पाईप इंजिनाप्रमाणे लागतो, मागचा पाईप गाडीच्या लांबीप्रमाणे. शक्य तर जुना पाईप काढून नमुना म्हणून सोबत न्यावा. पाईपची जाडी पाहायची तर भोवती दोरी गुंडाळून ती मोजावी आणि मापाला ३.१४ ने भागावे. मूळच्यापेक्षा बारीक पाईप घेऊ नये. धूर कोंडतो, ओढ कमी होते आणि डिझेल जास्त लागते.

सायलेन्सरसोबत नवीन गॅस्केट, यू-बोल्टचे क्लॅम्प, रबरी टांगण्या आणि मॅनिफोल्डच्या स्टडसाठी पितळी नट घ्यावेत. पितळी नट गंजून जाम होत नाहीत. पुढच्या वेळी खोलताना त्यांची किंमत कळते.

काम सुरू करण्यापूर्वी

गाडी सपाट व टणक जागी घ्यावी, वावरातील मऊ मातीवर नव्हे. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. चारही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा ठोकळे लावावेत. जीप उंच असल्याने बहुतेक काम जॅक न लावताच होते, आणि तेच बरे. जॅक लावावाच लागला तर लोखंडी स्टँड किंवा जाड लाकडी ठोकळे दिल्याखेरीज खाली शिरू नये. विटांवर भरवसा ठेवू नये. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. काही जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसून मागे जाणाऱ्या शाफ्टवर असतो. मागचे एक चाक उचलले की असा ब्रेक धरत नाही आणि गाडी सरकते.

डोळ्यांना चष्मा जरूर लावावा. खाली निजून वर पाहताना गंज नेमका डोळ्यातच पडतो.

खोलणे

आदल्या रात्रीच सर्व नट तारेच्या ब्रशने साफ करून त्यांवर गंज सोडविणारे तेल टाकावे, ते नसेल तर थोडे डिझेल लावावे. सकाळी मागचा पाईप आधी, मग सायलेन्सर आणि सर्वांत शेवटी पुढचा पाईप असा क्रम ठेवावा. क्लॅम्पचे नट निघत नसतील तर वेळ न घालवता हॅक्सॉने कापावेत, ते तसेही फेकायचेच आहेत. एकात एक अडकलेले पाईप ओढून निघत नाहीत. बाहेरचा पाईप छिन्नीने लांबीत चिरावा, म्हणजे तो सैल होतो.

मॅनिफोल्डच्या स्टडवर मात्र जोर करू नये. नट पाव फेरा सैल करावा, पुन्हा आवळावा, तेल टाकावे, पुन्हा सैल करावा. बिडाच्या मॅनिफोल्डमध्ये स्टड तुटला तर काम थांबवावे आणि लेथवाल्याकडे जावे. मॅनिफोल्डला चीर असेल तरी तेच करावे. गॅस कटर किंवा वेल्डिंग डिझेलच्या टाकीजवळ घरी कधीही वापरू नये.

बसविणे

बसविताना क्रम उलटा, म्हणजे पुढून मागे. फ्लँज घासून स्वच्छ करावा, जुने गॅस्केट पुन्हा वापरू नये. सर्व भाग आधी सैल जोडावेत, एकही नट पूर्ण आवळू नये. मग पाईप शाफ्टला, ब्रेकच्या नळीला, वायरिंगला किंवा कमानीला लागतो का ते पाहावे. गाडी दोन-तीन माणसांनी वरखाली हलवून पुन्हा पाहावे. डिझेलच्या नळीपासून पाईप किमान ३५ मिलिमीटर दूर असावा असे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ सांगतात. आपण त्याहून जास्तच अंतर ठेवावे. धूर खाली किंवा डाव्या बाजूला सोडू नये, असेही त्याच नियमांत आहे. सायलेन्सर काढून नुसता पाईप लावणे नियमबाह्य आहे, ट्रॅक्टरलासुद्धा. मागच्या पाईपचे तोंड गाडीच्या पत्र्याबाहेर आले पाहिजे, पोटाखाली संपू नये. सर्व जागेवर आले की पुढून मागे आवळत जावे.

येथे माझी चूक सांगतो. पूर्वी एकदा माझी टांगणीची रबरे तुटली, तेव्हा मी एका वर्कशॉपमध्ये पाईप सरळ चासीला वेल्डिंग करून घेतला. काम मजबूत वाटले. पंधरा दिवसांत पाईप वेल्डिंगच्या बाजूलाच तुटला. कारण साधे आहे. इंजिन रबरावर हलत असते आणि त्याच्याबरोबर पाईपही हलला पाहिजे. त्याला चासीशी जखडले की तो तुटतो, नाहीतर मॅनिफोल्डचा स्टड तोडतो. म्हणून टांगणी रबरीच हवी.

नंतरची देखभाल

पहिल्यांदा चालू केल्यावर दहा-पंधरा मिनिटे पाईपवरचे तेल जळून धूर येईल, घाबरू नये. ओल्या कापडाने पुन्हा फट तपासावी. गाडी थंड झाल्यावर नट एकदा आवळावेत आणि सुमारे शंभर किलोमीटर चालल्यावर आणखी एकदा. नव्या गाड्यांच्या धुराच्या जोडणीत धूर शुद्ध करणारी यंत्रणा असते, तिला घरी हात लावू नये. हा लेख जुन्या गाड्यांपुरताच आहे.

ट्रॅक्टरचा उभा सायलेन्सर बदलणे याहून सोपे आहे, नियम तेच. ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरचा सायलेन्सर फाटका असेल तर ठिणगी मागच्या ट्रॉलीतील पाल्यावरही पडू शकते, हे वाहतूकदार बंधूंनी लक्षात घ्यावे.

आणि सायलेन्सर नवा असला तरी तो तापतोच. म्हणून पाचटावर गाडी उभी करू नये. हंगामात आठवड्यातून एकदा, गाडी थंड असताना, सायलेन्सरच्या वर व टांगण्यांत अडकलेला पाला हाताने काढून टाकावा. गाडीत पाण्याची कॅन आणि दोन गोणपाटे ठेवावीत. त्या दिवशी आमच्या कामी तीच आली.

ज्या सभासदांचा उल्लेख वर केला, त्यांनी पुढच्याच रविवारी मुलाला सोबत घेऊन घरीच सायलेन्सर बदलला. पुढचा पाईप बसवताना मीही हाताखाली होतो. सकाळी लागलेले काम दुपारच्या जेवणाच्या आत आटोपले. हंगामाला अजून अवकाश आहे. दसऱ्याच्या पूजेसाठी गाडी धुवाल तेव्हा एकदा खाली वाकून पाहावे, एवढीच आग्रहाची विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी