घुगनीचा भाव कोण ठरवतं?

दुर्गापूजेच्या मांडवात बंगाली बायकांच्या हाताला दाद मिळते. तिथून कमाईपर्यंतची वाट कशी असते?

ब्रिटिश काळात मध्य प्रांताची राजधानी असलेल्या नागपुरात वकील, शिक्षक, कारकून म्हणून बंगाली मंडळी आली. १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि हा ओघ वाढला. १९२३ साली नागपूर विद्यापीठ निघालं तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू होते सर बिपिनकृष्ण बोस. या इतिहासात नोंद झाली ती पुरुषांची. बायका दिसतात त्या धंतोलीसारख्या वस्तीतल्या पूजेच्या मांडवात. कुणी अल्पना काढत असते, कुणी भोगाची तयारी करते, कुणी नाटकाच्या तालमीत असते.

बंगालबाहेरच्या बंगाली समाजाने जपलेली एक रीत म्हणजे आनंदमेला. पूजेच्या तोंडावर एका संध्याकाळी बायका घरून पदार्थ करून आणतात आणि टेबलं मांडून विकतात. वाळलेल्या वाटाण्याची घुगनी, माशाचे चॉप, कचोरी-आलूदम, पाटीसाप्टा. घरात याच घुगनीला फार तर ‘छान झालीय’ एवढं ऐकायला मिळतं. इथे अनोळखी माणूस पैसे मोजून प्लेट घेतो. मग वाटाणे, तेल, गॅस, द्रोण यांचा हिशेब मांडावा लागतो. स्वतःच्या वेळेचे किती लावायचे, हा प्रश्नही तिथेच पडतो, आणि स्वयंपाकाला आपण काम मानतो की माया, हे त्याच्या उत्तरावरून कळतं.

अंगणातून अभ्यासक्रमात

कलेचंही असंच. तांदळाची पिठी कालवून बोटांनी काढायची अल्पना आणि जुन्या साड्यांचे थर धावदोऱ्याने जोडणारा कांथा, या घरातल्या बायकांच्या कला. शांतिनिकेतनच्या कलाभवनात सुकुमारी देवी अल्पना शिकवू लागल्या आणि अंगणातलं कसब अभ्यासक्रमात आलं. १९२५ साली गुरुसदय दत्त यांनी पत्नी सरोजनलिनी यांच्या स्मरणार्थ संस्था काढली. तिच्याशी जोडलेल्या महिला समित्यांमधून गावोगावच्या बायका हस्तकला शिकल्या.

परदेशातही हा धागा पोचला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात शिरीन अकबर यांनी १९९१ साली ‘शामियाना’ प्रकल्प सुरू केला. दक्षिण आशियाई बायकांनी गटागटाने तंबूच्या कनाती भरतकामाने सजवल्या. ज्यांनी संग्रहालयाची पायरीही चढली नव्हती, अशा कितीतरी जणींचं काम तिथे मांडलं गेलं.

एका संध्याकाळनंतर

पण मेळा वर्षातून एकदाच. दाद मिळाली म्हणून उत्पन्न सुरू होत नाही; त्यासाठी रचना लागते. ती महाराष्ट्राने उभी करून दाखवली आहे. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. त्यातून वाढलेल्या ‘लिज्जत’मध्ये पापड लाटणारी बहीण संस्थेची मालकीणही असते. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभारलं. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या सावकाराच्या तावडीतून सुटून बँकेच्या कर्जापर्यंत पोचल्या. चव दोन्हीकडे होतीच. परिस्थिती पालटली ती मालकी आणि भांडवल बायकांच्या हाती आल्यामुळे.

नागपुरात गिऱ्हाईक शोधायला लांब जावं लागणार नाही. धंतोलीत दवाखान्यांची दाटी आहे. रुग्णांच्या नातेवाइकांना साधा, ताजा डबा हवाच असतो. पाच-सहा जणींचा गट, बारा महिने वापरता येईल असं सामायिक स्वयंपाकघर, अन्नसुरक्षेची नोंदणी आणि गटाच्या नावाचं बँक खातं, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. पूजा समित्यांकडे भांडी असतात, माणसं असतात, ओळखी असतात. त्यांनी आणखी एक करावं: आनंदमेल्यात ज्या बायका नफा-तोट्याचा चोख हिशेब ठेवतात, त्यांच्याकडेच समितीचं खजिनदारपदही द्यावं.